आवरणे आणि सावरणे : मागील चाकांनी चालणाऱ्या जुन्या मोटारगाडीतील कर्षण-नियंत्रण व स्थैर्य-नियंत्रण

१. प्रश्नाचे स्वरूप

शहाद्याहून म्हसावद आणि राणीपूरमार्गे तोरणमाळला जाणारा रस्ता तापीच्या खोऱ्यातून निघून सातपुड्याच्या माथ्यावर, समुद्रसपाटीपासून सुमारे ११५० मीटर उंचीवर पोहोचतो. शेवटच्या टप्प्यात सात पायऱ्या ह्या नावाने ओळखली जाणारी वळणे लागतात. उन्हाळ्यात हा रस्ता कोरडा असतो. पावसाळ्यात त्यावर धुके उतरते, ठिकठिकाणी डोंगराची माती वाहून येते आणि डांबरावर चिखलाचा पातळ थर बसतो. ह्या रस्त्याने बोलेरो, स्कॉर्पिओ, ट्रॅक्स, इनोव्हा अशा ज्या गाड्या नित्य चढउतार करतात, त्यांतील बहुसंख्य गाड्यांत इंजिनाची शक्ती मागील चाकांना दिलेली असते. आणि त्यांपैकी पुष्कळशा दुसऱ्या वा तिसऱ्या मालकाच्या हाती असतात.

अशा गाडीला अपघात झाला की तिचे वर्णन बहुधा एकाच क्रियापदाने केले जाते : ‘गाडी घसरली.’ व्याकरणदृष्ट्या हे क्रियापद अकर्मक आहे. त्याला ‘गाडी’ हा एकच कर्ता पुरतो. कोणते चाक घसरले, ते फिरत असताना घसरले की थांबलेले असताना, लांबीच्या दिशेने घसरले की आडवे, ह्यांपैकी कशाचाही उल्लेख वाक्यात करावा लागत नाही. नित्याच्या संभाषणात ही सोय आहे. परंतु जुनी गाडी विकत घेणाऱ्याला जेव्हा सांगितले जाते की, ‘हिच्यात कंट्रोल आहे, ही घसरत नाही’, तेव्हा त्याच सोयीतून धोका उत्पन्न होतो. घसरण्याचे प्रकार निरनिराळे आहेत, त्यांवरील उपाय निरनिराळे आहेत, आणि त्यांपैकी एका प्रकारावर कोणत्याही यंत्रणेचा इलाज चालत नाही. हे भेद स्पष्ट करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

२. पकडीचा हिशेब

गाडी आणि रस्ता ह्यांचा संबंध चार ठिकाणी येतो. प्रत्येक टायरचा रस्त्याला टेकलेला भाग साधारणतः तळहाताएवढा असतो. गाडीला पुढे ढकलणे, थांबवणे आणि वळवणे ही तिन्ही कामे ह्या चार तळहातांएवढ्या जागेवरील घर्षणातूनच होतात. हे घर्षण अमर्याद नसते. कोरड्या डांबरावर ते चाकावरील भाराच्या सुमारे आठ दशांश, ओल्या व गुळगुळीत झालेल्या डांबरावर सुमारे चार दशांश, आणि चिखलाचा थर असल्यास दोन दशांश किंवा त्याहूनही कमी असते.

समजा, घाटातील एका वळणाची त्रिज्या १५ मीटर आहे. वळणावर लागणारे आडवे बल हे वेगाच्या वर्गाच्या समप्रमाणात वाढते. त्यानुसार हिशेब केला, तर कोरड्या रस्त्यावर सुमारे ३९ किलोमीटर, ओल्या रस्त्यावर सुमारे २७ किलोमीटर आणि चिखलावर सुमारे १९ किलोमीटर ह्या ताशी वेगापलीकडे ते वळण घेता येणे शक्य नाही. ही मर्यादा भौतिक आहे; ती गाडीच्या किमतीवर अथवा चालकाच्या कौशल्यावर अवलंबून नाही.

दुसरी गोष्ट त्याहून महत्त्वाची आहे. लांबीच्या दिशेचे बल आणि आडवे बल ही दोन्ही एकाच ठेवीतून काढली जातात. त्यांची बेरीज साध्या अंकगणिताने होत नाही. काटकोन त्रिकोणाच्या दोन बाजूंप्रमाणे होते. ओल्या रस्त्यावर वरील वळण ताशी २५ किलोमीटर वेगाने घेतल्यास भाराच्या सुमारे ०.३३ इतके बल केवळ वळण्यात खर्ची पडते, आणि ढकलण्यासाठी वा थांबवण्यासाठी सुमारे ०.२३ इतकेच उरते. तेच वळण ताशी २० किलोमीटरने घेतल्यास सुमारे ०.३४ उरते. म्हणजे केवळ पाच किलोमीटरनी वेग कमी केल्याने हाताशी राहणारी शिल्लक जवळजवळ दीडपट होते.

३. कर्षण : चाकाला आवरणे

‘ट्रॅक्शन’ हा शब्द ‘ओढणे’ ह्या अर्थाच्या लॅटिन धातूपासून आला आहे. ‘ट्रॅक्टर’ हा त्याचाच भाऊबंद. संस्कृतात ओढण्यासाठी ‘कृष्’ हा धातू आहे. त्यापासून ‘कर्षण’, ‘आकर्षण’ आणि नांगर ओढण्याच्या क्रियेवरून ‘कृषी’ हे शब्द सिद्ध झाले. त्यामुळे ‘कर्षण’ हा पर्याय अर्थाने अगदी चपखल आहे. मराठी चालक हीच कल्पना ‘गाडी ओढत नाही’ किंवा ‘टायर पकड घेत नाही’ अशा शब्दांत व्यक्त करतो. मात्र ह्या दोन वाक्यांत भेद आहे : पहिल्यात उणीव इंजिनाची असू शकते, दुसऱ्यात ती रस्त्याची व टायरची असते. कर्षण-नियंत्रणाचा संबंध केवळ दुसऱ्या वाक्याशी आहे.

मागील दोन चाकांमध्ये डिफरन्शिअल असते. वळणावर बाहेरच्या चाकाला अधिक अंतर कापावे लागते, म्हणून दोन चाकांना भिन्न गतीने फिरू देणे हे त्याचे काम. पण साध्या डिफरन्शिअलचा एक दोष आहे : ते दोन्ही चाकांना सारखेच पीळबल देते. एक चाक चिखलात असेल, तर ते जेवढे बल पेलू शकते तेवढेच दुसऱ्यालाही मिळते. परिणामी चिखलातील चाक जागच्या जागी गरगर फिरते आणि कोरड्या डांबरावरील चाक स्वस्थ उभे राहते.

कर्षण-नियंत्रण येथे दोन उपाय योजते. प्रत्येक चाकाजवळ गती मोजणारा संवेदक असतो. मागील चाक पुढील चाकांच्या मानाने अवाजवी वेगाने फिरू लागले, की यंत्रणा इंजिनाचे बल कमी करते. किंवा फिरणाऱ्या त्या एकाच चाकाला ब्रेक लावते. ब्रेक लावलेल्या चाकाचा विरोध वाढतो, आणि डिफरन्शिअलच्या समान वाटपाच्या नियमानेच दुसऱ्या चाकाला तेवढे बल मिळू लागते. जो नियम अडचण होता, तोच उपयोगी पडतो. येथे नवी पकड निर्माण झालेली नाही. असलेली पकड वाया जाण्याचे थांबले आहे. ह्या क्रियेला मराठीत ‘आवरणे’ हाच शब्द योग्य होय.

४. स्थैर्य : गाडीला सावरणे

वळणावर घसरण्याचे दोन प्रकार संभवतात. पुढील चाकांची आडवी पकड आधी संपली, तर सुकाणूचाक, म्हणजे स्टिअरिंग, वळवूनही गाडी सरळ जाऊ पाहते. तिचे नाक वळणाबाहेर पडते. मागील चाकांची पकड आधी संपली, तर शेपूट बाहेर येते आणि गाडी स्वतःभोवती फिरू लागते. दुसरा प्रकार अधिक घातक, कारण पुष्कळदा तो चालकाच्या प्रतिक्रियेपेक्षा वेगाने घडतो आणि त्यात गाडी दरीकडे आडवी होते.

मागील चाकांनी चालणाऱ्या गाडीचे वैशिष्ट्य येथेच आहे. पुढील चाकांनी चालणाऱ्या गाडीत चालकाने अधिक बल दिले, तर पुढील चाके फिरतात आणि नाक बाहेर जाते. पाय उचलला की गाडी बहुधा पुन्हा रस्ता धरते. मागील चाकांच्या गाडीत मात्र ढकलणारी चाके आणि शेपूट जागेवर ठेवणारी चाके एकच आहेत. ती जागच्या जागी फिरू लागली, की त्यांचे सर्व घर्षण फिरण्याच्या दिशेने खर्च होते आणि आडव्या दिशेला जवळजवळ काहीच उरत नाही. म्हणजे कर्षण गेले, की त्याच क्षणी स्थैर्यही जाते. शब्दकोशात पृथक् असलेल्या ह्या दोन संज्ञा अशा गाडीत वस्तुतः एकमेकींत मिसळतात. म्हणूनच ह्या गाडीतील कर्षण-नियंत्रण ही निव्वळ चिखलातून निघण्याची सोय नसते. स्थैर्यरक्षणाची ती पहिली पायरी असते.

स्थैर्य-नियंत्रणात चाकांच्या गतीखेरीज आणखी तीन गोष्टी मोजल्या जातात : स्टिअरिंग किती वळवले आहे, गाडी उभ्या अक्षाभोवती किती वेगाने फिरत आहे, आणि तिला आडवे त्वरण किती आहे. शेपूट बाहेर येऊ लागल्यास यंत्रणा बाहेरच्या बाजूच्या पुढील चाकाला ब्रेक लावते; त्यामुळे गाडीला उलट दिशेने फिरवणारे बल मिळते. नाक बाहेर पडू लागल्यास आतल्या बाजूच्या मागील चाकाला ब्रेक लागतो आणि गाडी वळणाच्या आत ओढली जाते. माणसाच्या पायाखाली एकच ब्रेक-पट्टी असते. चारांपैकी एकच चाक निवडून ब्रेक लावणे कोणत्याही चालकाला शक्य नाही. म्हणून ही यंत्रणा चालकाच्या कौशल्याला पर्याय ठरत नाही. त्याच्या आवाक्याबाहेरचे काम ती करते. ह्या क्रियेस ‘सावरणे’ म्हणावे.

५. ‘कंट्रोल’ ह्या शब्दाची साक्ष

‘नियंत्रण’ हा शब्द ‘यन्त्र्’, म्हणजे आवळून धरणे, ह्या धातूपासून आला आहे. तो ऐकताच गाडी घट्ट धरून ठेवणारी एखादी शक्ती डोळ्यांपुढे येते. ‘कंट्रोल’चा इतिहास निराळा आहे. मध्ययुगीन लॅटिनमध्ये ‘काँट्रारोटुलुस’ म्हणजे पडताळणीसाठी ठेवलेली दुसरी गुंडाळी, अर्थात प्रतिनोंदवही. एका वहीतील जमाखर्च दुसरीशी ताडून पाहणे हा त्या शब्दाचा मूळ अर्थ. फ्रेंचमधून तो इंग्रजीत गेला आणि मग त्याला अंमल चालवण्याचा अर्थ आला.

स्थैर्य-नियंत्रणाची कृती ह्या जुन्या अर्थाशी विलक्षण जुळते. स्टिअरिंगवरील संवेदक ही पहिली वही : चालकाला कोठे जावयाचे आहे ह्याची नोंद. गाडीचे फिरणे मोजणारा संवेदक ही दुसरी वही : गाडी प्रत्यक्षात कोठे जात आहे ह्याची नोंद. बॉश कंपनीच्या वर्णनानुसार सेकंदाला पंचवीस वेळा ह्या दोन नोंदी ताडून पाहिल्या जातात, आणि तफावत आढळली तरच हस्तक्षेप होतो. ह्यातून दोन निष्कर्ष निघतात. एक, चालकाची इच्छाच चुकीची असेल, म्हणजे वळण न दिसल्याने त्याने स्टिअरिंग वळवलेच नसेल, तर दोन्ही वह्या जुळतात आणि यंत्रणा स्वस्थ राहते. दोन, वही तपासणारा शिल्लक वाढवू शकत नाही. वर दिलेली ताशी २७ किलोमीटरची मर्यादा ओलांडून चाळिसाच्या वेगाने वळणात शिरलेल्या गाडीला सावरण्याजोगी पकडच उरलेली नसते. घसरण्याचा हाच तो प्रकार, ज्यावर यंत्रणेचा इलाज चालत नाही.

६. अल्प इतिहास

ब्रेक लावताना चाक जाम होऊ न देणारी ए.बी.एस. यंत्रणा १९७८ साली मर्सिडीझ-बेंझच्या एस श्रेणीत आली. तिच्याच पायावर १९८० नंतरच्या दशकात कर्षण-नियंत्रण आणि १९९५ साली स्थैर्य-नियंत्रण उभे राहिले. १९९७ साली स्वीडनमधील एका चाचणीत मर्सिडीझची लहान ए श्रेणीची गाडी अचानक दिशा बदलताना उलटली. त्यानंतर त्या श्रेणीतील सर्व गाड्यांना ही यंत्रणा बसवण्यात आली आणि तिचा प्रसार वेगाने झाला. अमेरिकेच्या महामार्ग-सुरक्षा प्रशासनाने २००७ साली वर्तवलेल्या अंदाजानुसार, एकट्याच गाडीच्या अपघातांत ह्या यंत्रणेमुळे मोटारींच्या बाबतीत ३४ टक्के आणि उंच बांध्याच्या गाड्यांच्या बाबतीत ५९ टक्के घट अपेक्षित होती. हे आकडे तेथील रस्त्यांचे आहेत, सातपुड्याचे नव्हेत; तथापि उंच बांध्याच्या गाडीला लाभ अधिक, ही गोष्ट आपल्याकडे विशेष ध्यानात घेण्याजोगी आहे.

भारतात ए.बी.एस. एप्रिल २०१९ पासून सर्व नव्या मोटारींना सक्तीचे झाले. ऑक्टोबर २०२३ मध्ये सुरू झालेल्या भारत एन.सी.ए.पी. ह्या मूल्यमापनात तीन वा अधिक तारे मिळवण्यासाठी स्थैर्य-नियंत्रणाची अट घालण्यात आली. अर्थात त्यापूर्वीच्या बहुसंख्य गाड्यांत ही यंत्रणा नाही. असली तरी एकाच नावाच्या गाडीच्या वरच्या प्रकारात असते आणि खालच्या प्रकारात नसते. नावांचाही घोळ आहे : टोयोटा तिला व्ही.एस.सी. म्हणते, बी.एम.डब्ल्यू. डी.एस.सी. म्हणते, मर्सिडीझ ई.एस.पी. म्हणते. वस्तू एकच आहे.

७. उताराचा प्रश्न

चढावर गाडीचा भार मागील चाकांकडे सरकतो. त्यामुळे मागील चाकांची गाडी घाट चढताना उत्तम ओढते. चढताना आलेला हा विश्वास उतरताना मात्र फसवा ठरतो. उतारावर भार पुढे जातो, मागील चाके हलकी होतात, आणि खालच्या गिअरमधील इंजिनाचा रोध नेमका ह्याच हलक्या चाकांवर पडतो. ओल्या वळणावर एकाएकी खालचा गिअर टाकून क्लच झटक्याने सोडला, तर मागील चाके क्षणभर जाम होतात आणि शेपूट बाहेर येते.

इंग्रजीतील ‘स्किड’ ह्या शब्दाचा इतिहास येथे उद्बोधक आहे. उतारावर घोडागाडीचे चाक फिरू नये म्हणून त्याखाली जो लाकडी वा लोखंडी पाचरीसारखा तुकडा घालीत, त्याला पूर्वी ‘स्किड’ म्हणत; न फिरणारे चाक रस्त्यावर सरपटते, त्यावरून पुढे घसरण्याचा अर्थ आला. म्हणजे ‘स्किड’ म्हणजे मुळात थांबलेल्या चाकाचे घसरणे. चिखलात गरगर फिरणाऱ्या चाकाचे घसरणे ह्याच्या अगदी उलट असते. मराठी ‘घसरणे’ ह्या दोहोंना पोटात घेते; परंतु गरगर फिरणाऱ्या चाकाला आवरणारे कर्षण-नियंत्रण इंजिनाच्या रोधाने जाम झालेल्या चाकावर स्वतःहून उपाय करीलच असे नाही. काही गाड्यांत त्यासाठी इंजिनाचा रोध सौम्य करणारी स्वतंत्र व्यवस्था असते, सर्वांत नसते. म्हणून ज्या गिअरमध्ये घाट चढावा त्याच गिअरमध्ये तो उतरावा, आणि गिअर वळणापूर्वी, सरळ रस्त्यावर बदलावा, हा घाटातील चालकांचा जुना दंडक आजही यथार्थ आहे.

८. जुन्या गाडीची परीक्षा

जुन्या गाडीत यंत्रणा आहे की नाही ह्याहून ती जिवंत आहे की नाही, हा प्रश्न अवघड असतो. त्याची उत्तरे बहुतांशी समोरच्या फलकावरील दिवे देतात. गाडी आणि तिच्यामागे नागमोडी रेषा असे चिन्ह असलेला दिवा किल्ली फिरवताच पेटला पाहिजे आणि थोड्याच वेळात विझला पाहिजे. तो चालताना लुकलुकला, तर यंत्रणा त्या क्षणी काम करीत आहे, अर्थात रस्ता निसरडा आहे, असे समजावे. तो सतत पेटलेला राहिला, तर यंत्रणेत बिघाड आहे अथवा ती बंद केलेली आहे. आणि किल्ली फिरवल्यावर तो मुळीच पेटला नाही, तर ते सर्वांत संशयास्पद लक्षण होय. बिघाड झाकण्यासाठी दिवाच निकामी केलेला असू शकतो. ए.बी.एस.चा दिवाही सोबत पेटत असेल, तर दोष बहुधा चाकाच्या संवेदकात असतो, कारण दोन्ही यंत्रणा त्याच संवेदकांवर चालतात.

ह्याशिवाय चार गोष्टी पाहाव्यात. पहिली, चारही टायर सारख्या मापाचे व जवळपास सारख्या झिजेचे आहेत काय. मागील दोन टायरांच्या व्यासांत फरक असेल, तर चाकांच्या गतींची तुलनाच चुकते. टायरच्या खाचांतील झीज-दर्शक उंचवटे १.६ मिलिमीटरचे असतात. रबर तेथवर झिजले असल्यास टायर बदलावा. टायरच्या कडेवरील चार आकडी संख्येवरून तो कोणत्या वर्षाच्या कोणत्या आठवड्यात तयार झाला हे कळते. दुसरी, चाकांची जुळणी म्हणजे अलाइनमेंट केल्यानंतर स्टिअरिंगच्या संवेदकाचे शून्यस्थान पुन्हा बसवले आहे काय. ते चुकले, तर पहिली वहीच खोटी ठरते. तिसरी, संवेदकावर चिखल व त्याच्या दातेरी कड्यावर गंज चढलेला आहे काय. चौथी, बॅटरी व ब्रेकचे तेल सुस्थितीत आहेत काय.

यंत्रणा बंद करण्याची कळ असते, तिचाही उपयोग समजून घ्यावा. खोल चिखलात वा वाळूत गाडी रुतली असता चाक थोडे फिरणे आवश्यक असते. इंजिनाचे बल कमी करणारी यंत्रणा तेथे अडथळा ठरते. तेवढ्यापुरती ती बंद करावी, आणि गाडी बाहेर निघताच पुन्हा चालू करावी. गाडीच्या टपावर माणसे वा ओझे चढवल्यास तिचा गुरुत्वमध्य वर जातो. यंत्रणेची गणिते ज्या गाडीसाठी केलेली असतात, ती गाडीच मग उरत नाही.

९. समारोप

येणेप्रमाणे ‘घसरणे’ ह्या एका क्रियापदाखाली निदान चार घटना दडलेल्या आहेत : चाकाचे जागच्या जागी फिरणे, चाकाचे जाम होऊन सरपटणे, गाडीचे नाक वा शेपूट वळणाबाहेर जाणे, आणि पकडीच्या मर्यादेपलीकडे संपूर्ण गाडीचे वाहवत जाणे. पहिलीला कर्षण-नियंत्रण आवरते. दुसरीला, ती ब्रेकमुळे घडली असेल, तर ए.बी.एस. टाळते. तिसरीत स्थैर्य-नियंत्रण सावरते. चौथीवर वळणापूर्वी कमी केलेला वेग हाच एकमेव उपाय आहे. शास्त्रीय परिभाषा घडवताना ‘नियंत्रण’ हा शब्द आता रूढ झाला आहे, तो बदलण्याचे प्रयोजन नाही. परंतु वाहन-शिक्षणाची पुस्तके, परवान्याच्या परीक्षेची प्रश्नपत्रिका आणि जुन्या गाड्यांच्या व्यवहारातील बोलणी ह्यांत ‘गाडी घसरत नाही’ ह्या विधानाऐवजी ‘गाडी चाकाला आवरते’ आणि ‘गाडी वळणावर सावरते’ अशी दोन निराळी विधाने रूढ करता येतील. त्यांतील प्रत्येक विधान तपासून पाहता येते. मूळ विधान तसे पाहता येत नाही. तोरणमाळचा घाट पावसात उतरणाऱ्या कुटुंबाच्या दृष्टीने हा भेद केवळ शब्दांचा नाही.